ताशी अठरा

मी चौथीत असताना शमीम बाजींची, म्हणजे समोरच्या शमीम ताईंची, नक्कल केली होती. चालण्याची. त्यांच्या उजव्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला. त्या पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट, हातात काठी. त्या गल्लीतून निघाल्या की आधी काठीचा टक्, मग बुटाचा खर्र, मग दुसऱ्या पायातल्या चपलेचा चट्. आवाज ऐकला की तो काढून बघितल्याशिवाय मला राहवत नाही, हा माझा जुना रोग. तर मी हातात स्टंप घेऊन टक्-खर्र-चट् करत चाललेलो, चार पोरं हसून लोळत होती, आणि एकदम सगळी गप्प झाली. मागं बघतो तर बाजी.

मला वाटलं, आता हा स्टंप माझ्याच पाठीत. बाजींनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "चूक. माझा उजवा पाय असा आहे, तू डावा ओढतोयस. काठी डाव्या हातात असते, उजव्या नाही. परत कर."

"काय?"

"परत कर म्हणते ना. एकदा चुकीचं शिकलास की चुकीचंच करत राहशील."

मी रडकुंडीला येऊन तीन वेळा केलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "हां. आता जमलं." आणि टक्-खर्र-चट् करत निघून गेल्या. घरी येऊन सांगितलं असतं तरी परवडलं असतं, आईनं दोन दिल्या असत्या आणि विषय मिटला असता. पण या बाईनं मला मारलं नाही, चुगली केली नाही, दुरुस्त केलं. त्या दिवसापासून मी बाजींवर जो वैतागलोय, तो आजपर्यंत.

आता त्यांची बदली कळंबला झालीय, घरही तिकडंच केलंय. पण धाराशिवात आमची घरं समोरासमोर होती. बाजी येडशी रस्त्याला नऊ किलोमीटरवर एका झेडपीच्या शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांचं मराठी इतकं शुद्ध, की त्यांच्यापुढं मला माझी जीभ चपला घालून देवळात शिरल्यासारखी वाटायची. गल्लीत सगळे मला संद्या म्हणायचे. बाजी एकट्या पूर्ण नाव घ्यायच्या, "संदीपान". आणि मी "न्हाय" म्हटलं की लगेच, "नाही. 'न्हाय' असा शब्द नाही." मात्र राग आला की त्यांचं मराठी सुट्टीवर जायचं आणि घरातली दख्खनी उर्दू बाहेर यायची. "क्या लगाया रे ये?" ऐकू आलं की गल्लीतली कुत्रीसुद्धा जागा बदलायची.

बाजींना शाळेत सोडायचं आणि आणायचं काम त्यांच्या धाकट्या भावाचं, सलीमभाईचं. सलीमभाई फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचा. हात भारी कसबी, पण जगात कुठंही असला तरी सकाळी सव्वानऊला मोटारसायकल दारात आणि संध्याकाळी पाचला शाळेच्या फाटकात. सोळा वर्षं. पुण्यातनं काम आलं, नाही म्हणाला. सोलापूरहून आलं, नाही म्हणाला. त्याचं लग्न लागलं तेही रविवारी, कारण शनिवारी शाळा असते. कुणी विचारलं तर म्हणायचा, "बाजी कैसी जाएगी?" झालं.

मग त्याला सौदीतून कामाचा कागद आला. दोन वर्षांचं काम, दोन महिन्यांत हो-नाही कळवायचं. सलीमभाईनं तो कागद स्क्रू ड्रायव्हरच्या डब्यात तळाला घातला आणि कुणाला बोलला नाही. पण बाजींनी एक दिवस काठीच्या रबरासाठी स्क्रू ड्रायव्हर शोधला. त्या संध्याकाळी समोरच्या घरातनं दख्खनी इतकी आली, की आमच्या आईनं टीव्हीचा आवाज बंद करून ऐकलं.

"ये 'नहीं' तू मेरे नाम पे बोलेगा?"

"बाजी, तू शाळेला कैसी जाएगी?"

"गाडी से."

"कौनसी गाडी?"

"येइच गाडी. इसको और एक चाक लगा."

आणि खरंच लावलं. सोळा वर्षं दोघांना वाहून नेलेली तीच मोटारसायकल वेल्डिंगवाल्याकडं गेली. मागचं एक चाक काढलं, आडवा लोखंडी आस बसवला आणि दोन्ही टोकांना एकेक चाक लावलं. पायातला ब्रेक हातात आणला. कागदपत्रं, शिकाऊ लायसन, सगळं रीतसर. गाडी परत आली तेव्हा पुढनं मोटारसायकल आणि मागनं भाजीचा गाडा दिसत होती. मी बघून हसलो. बाजी म्हणाल्या, "हसून झालं की पुस."

पहिले दोन दिवस सलीमभाईनं शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, आठवडी बाजाराच्या मोकळ्या मैदानावर बाजी गाडी चालवायच्या आणि हा मागनं कॅरिअर धरून पळायचा. सोडायलाच तयार नाही. तीन चाकांची गाडी, पडणार कुठं? पण हा आपला पळतोय, "आस्ते! आस्ते! बाजी, आस्ते!" नवव्या फेरीला सलीमभाई मैदानात उताणा पडला आणि बाजी पुढं निघून गेल्या. त्यांना कळलंच नाही.

तिसऱ्या दिवशी त्या माझ्या दारात. मी तेव्हा आयटीआय करून घरी बसलेलो. बसलेलो म्हणजे दिवसभर दुचाकीवर फिरत होतो.

"संदीपान, सलीमला महिनाअखेर कळवायचं आहे. मला गाडी आली नाही तर हा नाही म्हणेल. एकदा नाही म्हणाला की ते 'नाही' मला रोज सव्वानऊला दारात दिसेल. तुला गाडी येते. शिकव."

मी म्हटलं, "लई सोपं हाय बाजी. दुचाकी आली की तीनचाकी येतेच."

हे वाक्य मी का बोललो, याचा पश्चात्ताप पुढं रोज सकाळी सात ते नऊ केला.

एक तर ही बाई गाडीवर बसायचीच नाही. आधी गाडीभोवती एक फेरी, आणि काठीनं प्रत्येक टायरवर एक टोला. "पुढचा?" टक्. "हजर. मागचा डावा?" टक्. "हजर. मागचा उजवा?" टक्. "आवाज बरोबर नाही. हवा कमी आहे." चाकांची हजेरी! मी पहिल्या दिवशी चिरक्या आवाजात "हजर, बाई" म्हणून बघितलं. त्या म्हणाल्या, "तुझं नाव अजून घेतलेलं नाही." मग ओढणीची टोकं मागं नेऊन गाठ, गाठीला पिन, पिन पक्की बसली का ते मला बघायला लावायचं. मग आरसा. मग हेल्मेट. मग पुन्हा आरसा, कारण हेल्मेट घातल्यावर मान वेगळी वळते म्हणे. सव्वासातला मैदानात आलेलो आम्ही पावणेआठला किल्ली फिरवायचो.

आणि प्रश्न. क्लच दाबा म्हटलं की, "का?" सोडा म्हटलं की, "किती?" मी म्हणायचो, "बाजी, हळूहळू." "हळूहळू म्हणजे किती? एक ते दहा मोजू की एक ते पाच?" मी आयुष्यात क्लच मोजला नव्हता. घरी जाऊन माझ्या गाडीवर बसून मोजला. सहा आले. दुसऱ्या दिवशी सांगितलं, तर म्हणाल्या, "माझ्या गाडीला चार लागतात. तू कुणाच्या गाडीचे सांगतोयस?"

पाचव्या दिवशी वळण. मी ऐटीत सांगितलं, "बाजी, हँडलला काय करायचं न्हाय. अंग टाकायचं. अंग टाकलं की गाडी आपोआप वळती."

"नाही. वळते."

"तेच."

बाजींनी अंग टाकलं. गाडी वळली नाही. बाजी डावीकडं झुकलेल्या आणि गाडी सरळ, सरकारी कामासारखी कुणाचं न ऐकता, समोरच्या दगडी ओट्याकडं. या ओट्यावर बाजाराच्या दिवशी मिरच्यांची पोती असतात. त्या दिवशी नशिबानं रिकामा होता. मी "ब्रेक!" म्हणून ओरडलो. गाडी ओट्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

आता या गाडीला मागं जाण्याचा गिअर नाही. मी धावत जाऊन मागं ओढायला हात घातला.

"हात काढ."

"बाजी, मागं घेतो की."

"शाळेत तू असणार आहेस का मागं घ्यायला?"

मी हात काढला. बाजी बसून राहिल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी ओट्यावर बसून दगड मारायला सुरुवात केली. बाजी जमिनीकडं बघत होत्या. मग त्यांनी गाडी न्यूट्रल केली आणि ब्रेक अगदी जरासा सोडला. मैदानाला तिथं उतार होता, तो मला चौथीपासून खेळूनही कधी दिसला नव्हता. गाडी आपली आपण हळूच मागं आली. बाजींनी ब्रेक दाबला आणि म्हणाल्या, "लिहून घे. थांबायच्या आधी निघायचं कसं ते बघायचं."

"मी कशाला लिहून घेऊ?"

"विसरणार कोण आहे मग?"

त्या दिवसापासून बाजींनी गाडी कुठंही लावली, की तोंड रस्त्याकडं आणि मागं उतार नाहीतर मोकळी जागा. दुकानासमोर जागा नसली तर पुढं शंभर पावलं जाऊन लावायच्या आणि टक्-खर्र-चट् करत चालत यायच्या. मी म्हणायचो, "अवो बाजी, पाच मिनिटाचं काम." त्या म्हणायच्या, "पाच मिनिटांनी निघायचंच आहे ना?"

तरी मी हार मानली नाही. आठव्या दिवशी म्हटलं, आता बघाच. मीच त्यांच्या गाडीवर बसलो. मैदानाच्या टोकाकडनं जोरात आलो, त्यांच्यापुढं झोकात ब्रेक मारला आणि आपण दुचाकीवर टेकवतो तसा डावा पाय ऐटीत खाली टेकवला. दुचाकीच्या मागं पायाच्या वाटेत काही नसतं. या गाडीच्या मागं हातभर बाहेर आलेलं चाक होतं. ते आलं आणि माझ्या टाचेवर चढलं.

माझा जो आवाज निघाला तो मला पुन्हा कधी काढता आलेला नाही.

बाजी काठी टेकत आल्या. "हाड मोडलंय का?"

"न्हाय वाटत."

"नाही वाटत. बोटं हलवून दाखव." मी हलवली. "ठीक. आता सांग, पाय का टेकवलास?"

मी जमिनीवर बसून टाच चोळत होतो, डोळ्यांत पाणी, आणि इकडं तोंडी परीक्षा. "गाडी पडू नये म्हणून."

"तीन चाकांची गाडी थांबल्यावर पडते?"

मी टाच आणखी जोरात चोळली.

"सलीमनं माझ्यासाठी अशी गाडी बनवून घेतली, जिला पाय टेकवावा लागत नाही. आणि तू मला पाय टेकवायला शिकवायला आलास." मग शेजारच्या ओट्यावर बसल्या. "रडू नकोस. तुझी चूक नाही. तुला दुचाकी फार चांगली येते, म्हणून हे होतंय. मला काहीच येत नाही, तेवढं एक बरं आहे. तू आतापर्यंत दुचाकीचं जे जे मला शिकवलंस, ते एकेक सांग. तपासून घेऊ."

तिथून पुढं कोण कुणाला शिकवत होतं ते विचारू नका. आम्ही एकेक सवय काढून तपासली. वळताना गाडी झुकत नाही, म्हणून हँडल वळवायचं. वेग वळणात नाही, वळणाच्या आधी कमी करायचा, नाहीतर आतलं चाक उचलतं. हे त्यांनी मला मागं बसवून, फार जोरात नाही पण पुरेशा जोरात, उचलून दाखवलं. मी किंचाळलो. त्या म्हणाल्या, "कळलं?" खड्डा दुचाकीवर बाजूनं काढतो, इथं एका चाकानं चुकवला तर दुसरं जातं, म्हणून खड्डा लांबूनच बघायचा आणि कुठल्या चाकाला द्यायचा ते ठरवायचं. "तीन मुलांना एक खाऊ द्यायचा असला तर आधी ठरवावं लागतं," असं म्हणायच्या.

मग वेग. काटा अठरावर आला की बाजी तिथंच थांबायच्या. मी मागनं ओरडायचो, "बाजी, पंचवीस तरी! म्हशी मागनं हॉर्न देतील!" एक दिवस वैतागून म्हटलं, अठराच का, वीस का न्हाय? बाजींनी गाडी उभी केली आणि मला मैदानात उभं केलं. खडूनं रेघ मारली. म्हणाल्या, माझं पुढचं चाक रेघेवर आलं की 'थांबा' म्हण. मी म्हटलं. त्यांनी गाडी थांबवली आणि रेघेपासून गाडी थांबली तिथपर्यंत काठीनं मोजलं. अठराला सात काठ्या. मग पंचविसानं आल्या. बारा काठ्या.

"पाच जास्त," मी म्हटलं. "त्यात काय एवढं?"

बाजींनी त्या पाच काठ्यांच्या अंतराकडं बघितलं. "पहिलीचा वर्ग सुटला ना संदीपान, की मुलं फाटकातून रस्त्यावर बघत नाहीत. पाच काठ्यांत सगळी पहिली मावते."

घरी येताना माझीच गाडी अठरावर आली होती, हे शेजारच्या वळणावर एका रिक्षावाल्यानं शिवी दिल्यावर लक्षात आलं.

महिना संपायला चार दिवस उरले. लायसनची परीक्षा बाजी पहिल्या फटक्यात पास झाल्या. तरी सलीमभाई काही हो म्हणेना. "मैदानात ठीक है. रोड पर मैं देखूंगा. मी बघितल्याशिवाय कळवणार न्हाय." ठरलं, सोमवारी बाजी स्वतः शाळेला जाणार आणि आम्ही दोघं माझ्या गाडीवर मागं.

सोमवारी बाजी निघाल्या. हजेरी, गाठ, पिन, आरसा, सगळं झालं. पुढं त्या, मागं मी, माझ्या मागं सलीमभाई. शहर संपेपर्यंत ठीक होतं. मोठा रस्ता लागला आणि सलीमभाईनं माझा खांदा धरून माझ्या कानावरनं पुढं ओरडायला सुरुवात केली.

"बाजी, साइड! बाजी, ट्रक है! बाजी, आस्ते! हॉर्न दे! ब्रेक! ब्रेक!"

ब्रेक कशाला? समोर काही नव्हतं. एक कावळा होता. पण त्याचं ओरडणं ऐकून दर वेळी बाजींचा हात बिचकायचा आणि ती तीन चाकांची गाडी, जी एरवी रेघेत जाते, नागमोडी व्हायची. मैदानात महिनाभर मी तिला असं झालेलं बघितलं नव्हतं. मागनं येणाऱ्या ट्रकनं लांबलचक हॉर्न दिला, सलीमभाई अजून जोरात ओरडला, बाजींचं पुढचं चाक डांबर सोडून खडीत गेलं. माझा जीव टाचेत गेला. दुखऱ्या टाचेत.

बाजींनी गाडी सावरली. इंडिकेटर दिला, एका लिंबाच्या झाडाखाली मोकळी जागा बघून थांबवली, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून हातात घेतली. आम्ही मागं थांबलो. त्या मान वळवून म्हणाल्या, "सलीम, घरी जा."

"बाजी, मैं सिर्फ..."

"तू मागनं ओरडतोस आणि माझे हात तुझं ऐकतात. माझं ऐकत नाहीत." आवाज चढलेला नव्हता. दख्खनी नव्हती. त्यामुळं मला जास्त भीती वाटली. "सोळा वर्षं तू पुढं होतास. ट्रक तेव्हाही होते. मी कधी मागनं ओरडले?"

हे सलीमभाईच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. खरं सांगू का, माझ्याही नव्हतं. सोळा वर्षं ती बाई मागं बसून होती, दोन्ही हातांत पर्स आणि काठी, आणि प्रत्येक ट्रक तिनं गप्प बसून काढला होता.

"संदीपान, याला घेऊन जा. तुझी गाडी वळव."

मी वळवली. वळवताना आरशात बघितलं, त्या अजून झाडाखालीच होत्या. आम्ही दिसेनासे होईपर्यंत त्यांनी किल्ली लावली नसणार, मी पैज मारायला तयार आहे.

घरी आलो. साडेनऊ झाले होते. अठराच्या हिशेबानं त्या पावणेदहाला पोचायला हव्यात. दहाला सलीमभाईनं फोन लावला. बंद. बाजी गाडीवर आणि वर्गात फोन बंद ठेवतात, हे त्याला सोळा वर्षांपासून माहीत आहे. तरी त्यानं सव्वादहाला लावला, साडेदहाला लावला, अकराला लावला. साडेअकराला मी लावला. बंद. शाळेचा दुसरा नंबर आहे का? आहे, पण तो बाजींच्या फोनमध्ये आहे. सलीमभाई ओट्यावर एक फ्रिज खोलून बसला आणि दुपारपर्यंत त्यानं तो तीन वेळा खोलला आणि तीन वेळा बंद केला. दोन वाजता म्हणाला, "संद्या, चल, लांबनं बघून येऊ." मी माझी किल्ली खिशातून काढून बनियनच्या आत टाकली. त्याला हसवायला एसटीचा हॉर्न काढला, कंडक्टरची घंटी काढली. त्यानं ऐकलं नाही. मग मलाच स्वतःचा राग आला, मग बाजींचा आला. एवढं काय ते, एक फोन! पोचले, एवढंच! एका फोनला कुठल्या चाकाचं काय जातं?

पाच वाजले. साडेपाच वाजले. पावणेसहा. सलीमभाई चपला न घालता गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. मी त्याच्या मागं. सहाला पाच कमी असताना ती गाडी दिसली. आधी गाडी दिसली आणि मग गाडीच्या मागं एक टेम्पो, दोन रिक्षा आणि एक लाल तोंडाचा दुधवाला, सगळे अठरानं.

बाजी उतरल्या. म्हणाल्या, "मेंढरं होती रस्त्यात. त्यांना घाई होती, मी जाऊ दिलं."

"बाजी, एक फोन तर करायचा!" सलीमभाईचा आवाज फाटला. "मैं सुबह से..."

"पोचल्याचा फोन मी सोळा वर्षांत केला नाही."

"तेव्हा मी सोडायचो!"

"आणि आज मी सोडलं," बाजी म्हणाल्या. "उद्या कळव त्यांना. येतो म्हणून."

त्यानं कळवलं.

जायच्या दिवशी मुंबईची एसटी चारची होती. मुंबईहून पुढं विमान. वहिनी आणि पोरांचा निरोप घरीच झाला, रडारड झाली. बाहेर एक रिक्षा सांगून ठेवलेली होती. बाजींनी रिक्षावाल्याला परत पाठवलं. "माझ्या मागं बसेल तो."

सलीमभाई पहिल्यांदा बहिणीच्या मागं बसला. मांडीवर बॅग. मी मोठी पेटी माझ्या गाडीवर घेऊन मागं. साडेतीनला निघालो, तेही आधी हजेरी झाल्यावर. एसटी स्टँड तिथून तीन किलोमीटर. मी मागनं घड्याळ बघत होतो आणि दात खात होतो. एक शेळी रस्त्याच्या कडेला नुसती उभी होती, ओलांडायचा तिचा काही विचार दिसत नव्हता, तरी बाजी थांबल्या. सलीमभाईनं एकदाही 'आस्ते' म्हटलं नाही. बॅगेवर दोन्ही हात ठेवून बसला होता.

स्टँडवर बाजींनी गाडी फाटकाशी तोंड बाहेर करून लावली आणि उतरल्या नाहीत. पहारेकरी शिट्टी वाजवत आला, "ओ बाई, इथं न्हाय लावायची, गाड्या निघत्यात." बाजी म्हणाल्या, "दोन मिनिटं." मग सलीमभाईकडं बघून, "पोचलास की फोन कर."

सलीमभाईला रडता रडता हसू आलं. "तू केलता का?"

"मी नऊ किलोमीटर गेले होते. जा, जागा धर."

मी पेटी घेऊन आत चढलो. ती वरच्या फळीवर बसेना, उभी करून बघितली, आडवी करून बघितली, आणि तेवढ्यात एसटी सुटली. कंडक्टर म्हणाला, "आता नाक्यावर उतर." उतरतो म्हटलं. माझी गाडी स्टँडवरच.

फाटकातून बाहेर पडलो तर एसटी एकदम हळू झाली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पुन्हा दिला. मी पुढं वाकून बघितलं. आमच्या पुढं बाजी. पहारेकऱ्यानं त्यांना आमच्या आधी हाकललं होतं आणि आता स्टँड ते नाका तो अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना हातगाडे आणि मधोमध तीनचाकी, ताशी अठरा.

"कोण बया हाय ही?" ड्रायव्हर म्हणाला आणि हॉर्नवर तळवा दाबून धरला.

सलीमभाई जागेवरनं उठला. हँडरॉड धरत पुढं गेला आणि ड्रायव्हरच्या शेजारी उभा राहिला. "मामा, हॉर्न नका मारू. तिचे हात बिचकतात."

"कोणाचे?"

"बहीण है माझी."

"आरं, मग हिच्या मागनं मुंबईपतूर जायचं का?"

"नाक्यापतूर चला, मामा. तेवढंच."

ड्रायव्हरनं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि हात काढला. मग अख्खी एसटी, पन्नास माणसं, पोती, पेट्या, सगळे त्या एका बाईच्या मागं हॉर्न न वाजवता निघाले. मागनं कुणीतरी ओरडलं, "काय झालं ओ, पंक्चर का?" कंडक्टर म्हणाला, "गप बसा, पाहुण्याची बहीण हाय." सलीमभाई काचेला चिकटून उभा होता.

नाका आला. बाजींना उजवीकडं वळायचं होतं, आम्हाला सरळ. त्यांचा इंडिकेटर लांबूनच लुकलुकत होता. गाडी हळू झाली आणि बाजींनी उजवा हात बाहेर काढला. पूर्ण, लांब, सरळ. इंडिकेटर चालू असताना. हात तसाच राहिला, एसटी डाव्या अंगानं त्यांच्या पुढं जाईपर्यंत, मग आत गेला आणि गाडी वळली.

मी नाक्यावर उतरायचं विसरलो. कंडक्टरनं मला थेट येडशीला उतरवलं, तिथनं एका टेम्पोच्या मागं उभा राहून परत आलो. संध्याकाळी बाजींच्या दारात जाऊन विचारलं, "बाजी, नाक्यावर हात कशाला दाखवला? इंडिकेटर चालू होता की."

बाजी वह्या तपासत होत्या. मान वर केली नाही. "ऊन डोळ्यावर असलं की मागच्याला इंडिकेटर दिसत नाही, संदीपान. अशा वेळी हात दाखवायचा असतो."

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलेलं होतं.